तुमच्याकडचा सोमवार

पागो पागो,
गुरुवार

प्रिय मोएलागीताई,

देवाच्या कृपेने इथे आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि तुम्हीही तसेच आहात असं धरूनच हे लिहितो आहे. वादळ गेल्यापासून तुमचा फोन लागत नाही. तुमच्या किनाऱ्यावरचा मनोरा आडवा झालाय म्हणतात. मामेभाऊ लोतोमाऊ उद्याच्या विमानाने अपियाला निघालाय. तिथून बोटीने सवाईला जाईल आणि मग बसने तुमच्या दारात. त्याच्याबरोबर हे पत्र देतो.

एक गोष्ट आधी लिहून टाकतो, नाहीतर गप्पांच्या नादात राहून जाईल. सेलेपाच्या कॉम्प्युटरची वायर इतक्यात भिंतीत लावू नका.

तसं घाबरण्यासारखं काही नाही. खोकं बोटीतून आलं, वर वादळाची हवा. आत ओल धरली असेल. दोन दिवस चांगलं ऊन दाखवा, आतबाहेर कोरडा होऊ दे, मग खुशाल लावा. दाजींना सांग, झाकणाचे स्क्रू हाताने निघतात. दाजींची तब्येत कशी आहे? छपराच्या पत्र्यांवर ते स्वतः तर चढले नाहीत ना?

आमच्याकडे नीरफणसाचं झाड मुळासकट गेलं आणि जाताना शेजाऱ्यांच्या डुकरांचा गोठा घेऊन गेलं. डुकरं शाबूत आहेत, पण आता ती आमच्याच अंगणात राहतात आणि आमच्याकडे पाहुण्यासारखं बघतात. दुकानामागच्या माझ्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. कामाचं टेबल मात्र वाचलं. काल दिवसभर तेच पुसत बसलो होतो.

वादळाच्या संध्याकाळी सेलेपाशी माझं शेवटचं बोलणं झालं. "मामा, खोकं आलं! आणि लगेच लाईट गेली! बाबा म्हणतात, बघ, पागोची वस्तू घरात आली आणि अख्ख्या गावाचा उजेड गेला." मागून दाजींचा आवाजही ऐकू आला, "विचार तुझ्या मामाला, बिल मी भरू का तो भरणार?" मग फोन कट झाला. तेव्हापासून कानात तेच बोलणं आहे.

तू मागे विचारलं होतंस, सगळं ठरलं तरी त्या एका डब्यावर मी इतके दिवस का अडून बसलोय. सांगतो. खेळांचा कॉम्प्युटर स्वस्तात जमवायचा म्हटला की सगळ्यांचा जीव चित्र दाखवणाऱ्या कार्डात असतो. सेलेपानेही तेच मागितलं होतं. ऑकलंडच्या आणि इथल्या भावंडांबरोबर खेळायचं, आणि ह्या सगळ्यांत आपलंच मशीन अडखळायला नको. बरोबर आहे तिचं. मग पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज आत घेऊन सगळ्यांना वाटून देणारा डबा, हा शेवटी उरेल त्यात घ्यायचा. लग्नात सगळ्यांना वाढून झालं की आचाऱ्याच्या पानात पडतं तसं. आणि नंतर मशीन बिघडलं की बहुतेक वेळा ह्या डब्यानेच घात केलेला असतो.

माझ्यापुढे तीन डबे होते. एक नवा, आत रंगीत दिवे, अंगावर भलामोठा आकडा लिहिलेला आणि उचलला तर चिप्सच्या पाकिटाएवढा हलका. असला डबा मी शत्रूच्या घरीही देणार नाही. दुसरा नवा आणि खरोखर चांगला, कुठल्याही देशाची वीज आपणहून ओळखून घेणारा. पण तो घेतला तर कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागत होतं. तिसरा जुना. इथलं एक जहाजांचं ऑफिस बंद झालं, त्यांच्या मशीनमधून मी काढून ठेवलेला. विटेसारखा जड. आत जाड तांब्याचं काम, वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेला. मी त्याला दोन दिवस माझ्या टेबलावर पळवला, हात लावून बघितला, साधा कोमटसुद्धा झाला नाही. तोच घातला. निवड चुकलेली नाही, ताई. एवढा माझ्यावर विश्वास ठेव.

आणि दाजी म्हणतात ना, "तुमच्या पागोच्या वस्तू आमच्या भिंतीला मानवत नाहीत", त्यांना सांग, फलानिकोने तुमच्या भोकांत बसणारी तिरक्या पात्यांची वायर शोधून बरोबर दिली आहे. अमेरिकन सरळ पात्यांची नाही. एवढं मला कळतं.

लोतोमाऊ बाहेर हाका मारतोय. तुम्ही तारखेच्या रेषेपलीकडची, एक दिवस पुढे राहणारी माणसं, तुमच्याकडे हा दिवस कधीच संपला असेल. सेलेपाला पापे. दाजींना माझा आदरपूर्वक नमस्कार सांग आणि त्यांची खुशाली कळव.

वायर लावू नका. ओल वाळेपर्यंत.

तुझा,
फलानिको

*

पागो पागो, रेडिओ केंद्राच्या ओट्यावरून
रविवार

ताई,

लोतोमाऊचं पत्र मिळालं असेल तर त्यातला ओलीचा मजकूर फाडून टाक. ओल वगैरे काही नाही. ऊन दाखवू नका. वायर लावूच नका. वाळला तरी नाही, दोन दिवसांनी नाही, चार दिवसांनी नाही.

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे मला माहीत आहे. पाद्रीबाई उद्या सकाळच्या विमानाने निघणार, त्या पोचतील तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितोय, कारण इथे रांगेत उभं राहून दुसरं काही करता येत नाही.

त्या जड डब्याच्या मागच्या बाजूला, वायर खुपसायच्या भोकाशेजारी, नखाएवढं लाल बटण आहे. ते एका बाजूला सरकवलं की ११५ दिसतं, ते आमच्याकडच्या अमेरिकन विजेसाठी. दुसऱ्या बाजूला २३०, ते तुमच्याकडच्या. तुमच्या भिंतीतून आमच्या दुप्पट जोराची वीज येते. मी मशीन इथे चालवून बघितलं तेव्हा बटण ११५ वर होतं. ते तसंच राहिलं.

माझी पद्धत तुला माहीत नाही. तुमच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक मशीनचं बटण मी सरकवतो, वर पिवळी चिकटपट्टी लावतो, म्हणजे कुणाच्या बोटाने चुकून हलू नये. पट्टी आधी कापतो, त्यावर २३० लिहितो आणि टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवतो. मग बटण, मग पट्टी, मग खोकं. त्या दिवशी बोट लवकर सुटणार म्हणून गोदीवरून माणूस धावत आला. मी तिरक्या पात्यांची वायर शोधण्यात गढलेला. तुमच्या भोकाची मला आठवण होती, दाजींच्या टोमण्याची आठवण होती, आणि बटणाची नव्हती. बुधवारी टेबल पुसताना कडेला हात लागला. पट्टी तिथेच होती.

म्हणजे गुरुवारी तुला लिहिताना मला सगळं माहीत होतं. मग ओलीचं का लिहिलं? दाजींसाठी. पत्र ते मोठ्याने वाचून दाखवतात, शेजारची पुरुषमंडळी चहाला बसलेली असतात. "पागोची वस्तू मानवत नाही म्हणालो होतो की नाही?" हे वाक्य मला इथे बसून ऐकू येत होतं. वाटलं, ओलीचं निमित्त सांगू, तुम्ही थांबाल, तेवढ्यात फोन सुरू होईल, मग तुला एकटीला हळूच सांगेन की मागचं बटण जरा सरकव. एवढा सोपा विचार केला होता मी.

शुक्रवारी रात्रभर झोप नाही. कारण मीच लिहून दिलं होतं की दोन दिवस ऊन दाखवा, मग खुशाल लावा. मी तुम्हाला थांबवलं नाही, ताई, मी तुम्हाला परवानगी दिली. दाजी शब्दाचे पक्के. ते मोजून दोन दिवस वाळवतील आणि मग माझ्याच शब्दावर वायर लावतील.

लावली तर काय होईल ते लिहितो, कारण आता लपवून काय उपयोग. त्या डब्यातली वीज साठवणारी दोन मोठी नळकांडी, कॉफीच्या छोट्या कपाएवढी, त्यांना सोसेल त्याहून कितीतरी जास्त वीज मिळेल. ती फुटतील. बंदुकीसारखा आवाज येतो, जाळ येतो, कधी नुसता धूर येतो. मशीन मेलं तर मरू दे. पण सेलेपा वायर लावायला वाकलेली असेल तर तिचं तोंड त्याच्यापासून हातभरावर असणार. आणि तुमच्या त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया आहेत. आईच्या विणलेल्या. वाळक्या.

काल रेडिओवर सांगितलं की तुमच्या साफोतूच्या बाजूला वीज सोमवारी येणार. मी ऐकलं आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. म्हटलं, रविवार हातात आहे. आज चर्चला गेलो, गाणीही म्हटली. नंतर पाद्रीबाई म्हणाल्या, "साफोतूला माझ्या आईकडे आता दिवे लागले असतील."

मी म्हटलं, "कुठे हो, उद्या सोमवार."

"आपला उद्या रे. त्यांचा आज सोमवारच नाही का?"

ताई, मी खोक्यांवर दोन-दोन तारखा लिहिणारा माणूस. इथून विमानात बसलं तर अर्ध्यापाऊण तासात आपण उद्यात पोचतो, हे लहान मुलांना गंमत म्हणून सांगणारा. आणि भीतीने माझं डोकं असं बंद झालं की रेडिओचा सोमवार मी माझाच धरून बसलो. जेवायला न थांबता तसाच कमरेला गुंडाळलेला लवालवा सावरत इथे पळत आलो, पाद्रीबाईही मागोमाग आल्या.

इथून अपियाच्या रेडिओला निरोप देता येतात, ते तिकडे वाचून दाखवतात. गावागावांत बॅटरीवरचे रेडिओ चालू आहेत म्हणतात. तू विचारशील, मग आधी का नाही गेलास? गेलो होतो. शुक्रवारी. रांगेत पुढे, माल न्यायला इथे आलेला तुमच्या गावचा तो दुकानदार उभा होता, दाजींचा पत्ते खेळणारा मित्र. मला बघून म्हणाला, "काय रे, कुणी गेलं की काय?" मी म्हटलं, "नाही, सहज आलो." आणि परत फिरलो. सहज आलो म्हटलं मी.

आज रांग मोठी आहे. पुढची बाई आपल्या मुलाची चौकशी करायला आली आहे, तो बोटीवर होता. तिच्या मागे उभं राहून कॉम्प्युटरचा निरोप द्यायचा म्हणजे लोक हसतील. हसू देत. मघाशी मनात दोन निरोप तयार होते. एक असा: "मोएलागी, फलानिकोचं पार्सल इतक्यात उघडू नकोस." नाव ना, गाव ना, कारण ना. ऐकून दाजी म्हणतील, ते तर कधीच उघडलं, आणि लावतील वायर. दुसरा निरोप सगळा खरा. त्यात चूक कुणाची तेही येतं. तो वाचला की सवाई बेटावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात कळणार की फलानिकोने भाचीला काय पाठवलं.

अजून एक आठवलं. तू वायर लपवलीस तरी भागणार नाही. तुमच्या भात शिजवायच्या कुकरची वायर त्याला तंतोतंत बसते. तीही काढून ठेव. किटलीचीही.

ती मुलाची चौकशी करणारी बाई बाहेर आली. नंबर माझा आहे. हे पत्र ओट्यावरच पाद्रीबाईंच्या हातात देतो. आत सगळं सांगणार आहे, माझ्या नावानिशी, दाजींच्या नावानिशी. देवा, अजून लावली नसू दे.

फलानिको

*

साफोतू,
गुरुवार

फलानिको,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं पाद्रीबाईंनी कालच आणून दिलं. ते मी एकटीने वाचलं, मोठ्याने नाही.

आधी ऐक, सेलेपा धडधाकट आहे. घर उभं आहे. आता बाकीचं सांगते, आणि तू खाली बसून वाच.

पहिल्या पत्राने मी फसले नव्हते. एका कागदावर तू तीन वेळा दाजींची चौकशी केलीस. लग्नाला इतकी वर्षं झाली, तू त्यांची एकदा कधी केली आहेस का? मला लगेच वास आला की ह्याचं काहीतरी बिनसलंय. काय ते कळलं नाही. मी नुसती ती तिरक्या पात्यांची वायर उचलली आणि लवालव्याखाली कमरेला गुंडाळून टाकली. दाजींनी विचारलं, मी म्हटलं, दिसली नाही. त्यांनी अख्खं घर शोधलं. दोन दिवस चिडचिड. तुझ्या सांगण्याप्रमाणे खोकं मात्र उन्हात ठेवत होते, वर सावली आली की उचलून सरकवत होते, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे राखण करत होते. तू म्हणतोस ते तुला टोमणे मारतात. मारतात. पण त्या दोन दिवसांत कुणीही आलं की सांगत होते, "हे आमच्या मेहुण्याने स्वतः जुळवलंय. उचलून बघा, किती जड आहे. हलका माल देत नाही तो."

सोमवारी दुपारी दिवे लागले. सगळं गाव ओरडलं. दाजी म्हणाले, "वायरीचं काय एवढं," आणि कुकरची काढून आणली. बसली ती. बरोबर लिहिलं आहेस, तंतोतंत बसते. माझ्या कमरेला तुझी वायर आणि माझ्या डोळ्यांसमोर ती दुसरी आत गेली. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण काय म्हणून ओरडणार? ऊन दाखवून झालं होतं. तूच लिहिलं होतंस खुशाल लावा. मला वाटलं, माझंच डोकं वादळाने फिरलंय, उगाच शंका घेते आहे. फलानिको, मी हरले तिथे.

भिंतीवरचं बटण तेवढं बंद होतं. ते दाजींनी मुद्दाम बंद ठेवलं. म्हणाले, "मशीन पोरीचं, चालू तीच करेल." शेजारचे जमले, पोरं पुढे बसली, अगदी त्या डब्याला गुडघे टेकून. खिडकीत शेजाऱ्यांचा बॅटरीवरचा रेडिओ चालू होता, दुसऱ्या गावांच्या विजेच्या बातमीसाठी. आणि सेलेपा म्हणाली, "थांबा, मी अंघोळ करून येते, नवीन वस्तूला घाणेरड्या हाताने हात लावायचा नाही."

मग रेडिओवर निरोप सुरू झाले. बोटीवरचा एक मुलगा हरवला होता, त्याच्या आईचा आधी आला. लगेच तुझा. "साफोतूच्या मोएलागीला आणि आउकुसोला, पागोहून भाऊ फलानिकोचा निरोप." सगळे हसायला लागले, की बघा, फलानिको रेडिओवर! दाजीही हसले. म्हणाले, "गप्प, ऐकू द्या, आमचं नाव घेतलं." त्या बाईने सगळं वाचलं. लाल बटण, ११५, फुटेल, आग लागेल, मुलीला जवळ जाऊ देऊ नका, चूक माझी आहे. दोनदा वाचलं.

कुणी हसलं नाही मग. दाजींनी वायर उपटली. भिंतीतूनही आणि डब्यातूनही. मग मागे बघितलं, ते लाल बटण खरंच तिथे होतं, आणि त्यावर ११५. ते तिथेच चटईवर बसले. कुकरची वायर अजून हातात. माणसं एकेक करून गेली, आमच्या पायरीवर नीरफणस ठेवून, जसं घरात काही झालं की ठेवतात तसं.

तुला भीती होती की ते तुला टोमणा मारतील. त्यांनी तुझं नावही घेतलेलं नाही. कुणाचंच घेतलं नाही. आल्यागेल्याला नमस्कार करतात आणि अंगणात जाऊन बसतात. जेवायला बोलावलं की येतात. सेलेपाच्या डोक्यावर हात ठेवतात आणि काढून घेतात. मी विचारलं, रागावलात का त्याच्यावर. म्हणाले, "मी बटण चालू करणारच होतो. शेजारचा म्हणाला, एकदा दिवा तरी लागतो का बघ. मी हात पुढे केला होता." एवढंच.

ते मशीन कोपऱ्यात चटईखाली झाकून ठेवलं आहे. लाल बटणाला आम्ही कुणी हात लावलेला नाही. मला सरकवता येईल, तू लिहिलं आहेस तसं. मी सरकवणार नाही. तू येशील आणि सरकवशील, दाजींच्या समोर बसून. ते बोलोत न बोलोत. कामाचं, विमानाचं, पासपोर्टचं मला काही सांगू नकोस. मी तुझी मोठी बहीण आहे आणि मी मागते आहे. आपल्यात बहिणीला नाही म्हणत नाहीत, हे आईने तुला चालायच्या आधी शिकवलं.

ह्यात काय झालं ते सेलेपाला नीट कळलेलं नाही. ती विचारते, मामा कधी येणार, खेळायचं कधी. भांडी घासताना गाते. आणि एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही, तुला लिहिते. रेडिओ बोलत होता तेव्हा मी घरात नव्हते, वर लिहिलं ते मागून शेजारणींकडून ऐकलेलं. मी बाहेर न्हाणीपाशी उभी होते, फळी बडवत होते आणि ओरडत होते, "किती वेळ लावतेस गं! आटप लवकर, सगळे तुझ्यासाठी थांबलेत!"

तुझी बहीण,
मोएलागी